कृपया ओरिजिनल डिस्क घाला

२२ जून, रविवार

निशिगंधा माहेरी गेली. सकाळच्या मेमू गाडीनं. पेण ते रोहा म्हणजे काही परदेश नव्हे, पण बॅग मोठी नेली.

कारण लिहून ठेवतो, म्हणजे पुढे कोणी फिरवाफिरव करायला नको. काल दिनानाथकाका शेल्यांची ऑर्डर घेऊन आले होते. कासार आळीत त्यांचा गणपतीचा कारखाना आहे. एका मंडळाला मोठ्या मूर्तीसोबत कार्यकर्त्यांसाठी चाळीस शेले हवेत, काठाला मोर आणि मधे मंडळाचं नाव, भरतकामात. काका गेल्या वर्षीचा शेला चाचपत म्हणाले, सूनबाईचा हात चांगला हाय. मी फक्त खरी माहिती दिली. म्हटलं, काका, हात कसला, सगळं सॉफ्टवेअर करतं, ही नुसती क्लिक करते.

ती चहा घेऊन दारातच उभी होती. यात माझा दोष काय? माणसानं चहा आणताना थोडा आवाज करावा.

आज सकाळी म्हणाली, "मग आता तुम्ही करा क्लिक." आणि गेली.

करीन की. मुदत ५ ऑगस्ट. चाळीस शेले म्हणजे मला आठवड्याचं काम. तिच्या आधी फोन करायचा नाही, हा संकल्प.

२३ जून

लाईट गेली, आली, परत गेली, परत आली. त्यात दुकानातला जुना कॉम्प्युटर गेला. बटण दाबलं तरी पंखासुद्धा फिरत नाही. बारा वर्षं बिनतक्रार चालला आणि ती गेल्याच्या दुसऱ्या दिवशी बंद. मी अंधश्रद्धाळू नाही, पण नोंद करून ठेवतो.

एम्ब्रॉयडरी मशीन ठणठणीत आहे. त्याला पेनड्राईव्हमधून डिझाईन दिलं की ते शिवतं. पण डिझाईन ज्या सॉफ्टवेअरमध्ये करायचं ते जुन्या कॉम्प्युटरवर. ते जुन्याच विंडोजवर चालतं आणि दर वेळी त्याची ओरिजिनल सीडी ड्राईव्हमध्ये असावी लागते. नसली तर उघडतच नाही. हे असलं हट्टी सॉफ्टवेअर घ्यायचा निर्णय तेव्हा दोघांचा होता. म्हणजे माझा होता, पण तिनं अडवायला हवं होतं.

माझ्याकडे नवा लॅपटॉप आहे. त्यावर ते सॉफ्टवेअर चालत नाही, आणि सीडी घालायला त्याला तोंडच नाही.

आई म्हणाली, तिला फोन लाव. मी म्हटलं, सीडी घालायला फोन कशाला लागतो?

२५ जून, सकाळी ११

स्टँडजवळ अब्बासचं कॉम्प्युटर रिपेअरिंगचं दुकान आहे. मस्कतला आठ वर्षं कुठल्या तरी ऑफिसात सर्व्हर सांभाळत होता म्हणे. बोलताना उगाच हसतो. त्याला प्रॉब्लेम सांगितला.

तो म्हणाला, जुना मरू दे, रितेशभाई. लॅपटॉपमध्ये व्हर्च्युअल मशीन टाकू, व्हीएम म्हणतात. कॉम्प्युटरच्या पोटात कॉम्प्युटर. पोटातल्याला जुनी विंडोज द्यायची, त्यात तुमचं सॉफ्टवेअर. राहिली सीडी. तर पोटातल्याला सीडी द्यायचे रस्ते दोन. एक तर बाहेरून खरा ड्राईव्ह जोडायचा आणि तो त्याला द्यायचा. नाहीतर सीडीची इमेज बनवायची, म्हणजे एकच मोठी फाईल, आणि व्हीएमला सांगायचं की हीच तुझी सीडी.

मी म्हटलं, इमेज म्हणजे फोटो. तो म्हणाला, "फोटो नाय, साचा. पेणचे ना तुम्ही?"

मला हे आधीच माहीत होतं. शब्द फक्त वेगळे होते.

जुन्या विंडोजची इमेज त्यानं पेनड्राईव्हवर भरून दिली, आणि बाहेरून जोडायचा ड्राईव्ह वापरायला दिला. परत द्या म्हणाला. दोनदा म्हणाला.

दुपारी २

ड्राईव्ह आला, लॅपटॉप आहे, सीडी नाही. ड्रॉवर, कपाट, धाग्यांची खोकी, सगळं पाहिलं. रिकामं कव्हर मिळालं. त्यावर तिच्या अक्षरात लिहिलंय, 'सांभाळून'.

म्हणजे नेली. आता कळलं बॅग मोठी का होती.

२६ जून

रोह्याला मेहुणा अक्षयला फोन केला. तो कंपनीत शिफ्टला निघाला होता. मी शांतपणे म्हणालो, तुझ्या बहिणीनं धंद्याची वस्तू नेली आहे, एवढंच तिला सांग. तो म्हणाला, दाजी, तुम्हीच सांगा की तिला. मी म्हटलं, मी बोलत नाहीये तिच्याशी. तो म्हणाला, ते समजलं आम्हाला.

'आम्हाला'. म्हणजे घरातले सगळे एक झाले आहेत.

संध्याकाळी दोन्ही घरांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलं: "एका व्यक्तीने व्यवसायाची सीडी नेलेली आहे. व्यक्तीला समजेल." नाव घेतलं नाही. मी सभ्य माणूस आहे.

सासऱ्यांनी अंगठा दिला. त्याचा अर्थ लागला नाही. पाऊण तासानं तिचा मेसेज: "मी फक्त कपडे आणलेत."

चोर असंच म्हणतो.

२९ जून, रविवार

सीडी नसली तरी वेळ फुकट घालवणारा मी नाही. व्हर्च्युअल मशीन तयार केली. नाव काय द्यायचं ते विचारलं, मी 'मालक' दिलं. मेमरी दिली, जागा दिली, सुरू केली. काळा पडदा. त्यावर पांढऱ्या अक्षरात इंग्रजी, की सुरू करायला काही सापडत नाही.

अब्बासला फोन. त्यानं विचारलं, मी दिलेली विंडोजची इमेज व्हीएमला लावलीत का? म्हटलं, लॅपटॉपमध्ये आहे ना ती, त्याच फोल्डरमध्ये, अगदी शेजारी ठेवलीय. तो म्हणाला, शेजारी ठेवून नाय चालत, आत द्यावी लागते. सेटिंगमध्ये सीडीचं चित्र आहे, त्यापुढे 'एम्प्टी' लिहिलंय बघा. तिथं इमेज निवडायची.

ते 'एम्प्टी' मी सकाळपासून पाहत होतो. ड्राईव्हच्या कंपनीचं नाव असेल असं वाटलं होतं. कंपन्यांची नावं हल्ली काहीही असतात, त्यामुळे माझी समजूत अगदीच चूक म्हणता येणार नाही.

इमेज लावली. जुनी विंडोज चढायला लागली. निळा पडदा, टक्के वाढतायत. आईला बोलावून दाखवलं. ती तांदूळ निवडत होती, ताट घेऊनच आली. पाहून म्हणाली, "हा तर जुनाच हाय की."

तिला काय समजावणार.

१ जुलै

विंडोज बसली. म्हणजे अर्धं काम झालं. बाकीचं अर्धं रोह्यात आहे, कपड्यांच्या बॅगेत.

आज तिच्या धाकट्या मावशीचा फोन आला. त्या ग्रुपवर आहेत हे मी विसरलो होतो. म्हणाल्या, पोरीवर असला आळ घ्यायचा का? मी म्हटलं, मावशी, मी कुणाचं नाव घेतलंय का? त्या म्हणाल्या, घरात बायको एकच ना तुम्हाला.

बाई फटकळ आहेत.

४ जुलै

अब्बास जुना कॉम्प्युटर बघायला आला. मी बोलावलं नव्हतं. इथून जात होता म्हणे. हार्ड डिस्क जळाली, म्हणाला. म्हणजे आत्तापर्यंतची सगळी डिझाईन गेली. बॅकअप आहे का विचारलं. बॅकअप ठेवू या असं दोन वर्षांपूर्वी निशिगंधा म्हणाली होती. पण एकदाच म्हणाली. एखादी गोष्ट खरंच महत्त्वाची असेल तर माणूस दोनदा सांगतो.

मग अब्बासनं माझ्याकडे टाचणी मागितली. सीडी ड्राईव्हच्या तोंडाखाली बारीक भोक असतं, त्यात ती घातली, दाबली. लाईट नसतानाही ट्रे बाहेर आला.

ट्रेमध्ये सीडी.

तो म्हणाला, रोज लागते म्हणजे आतच असणार ना. मी रिकामं कव्हर उचललं. आई दारात उभी होती. तिनं सीडी पाहिली, मला पाहिलं आणि आत गेली.

माझं म्हणणं असं, की कव्हरवर 'सांभाळून' लिहायचं आणि सीडी कव्हरमध्ये ठेवायची नाही, याला काय म्हणायचं? दिशाभूल म्हणतात.

ग्रुपवरचा तो मेसेज काढायचा प्रयत्न केला. फार दिवस झाले, सगळ्यांकडून जात नाही आता. मग नवा टाकला: "सदर सीडीचा शोध थांबवण्यात येत आहे." कोणी अंगठासुद्धा दिला नाही.

५ जुलै

आई म्हणते, माफी माग. मी म्हटलं, मेसेज टाकलाय ना. ती म्हणाली, त्यात 'चुकलं' कुठं लिवलंय? मी म्हटलं, अर्थातून निघतं.

"मग तिला पण अर्थातूनच येऊ दे," म्हणाली आणि ताट आपटून वाढलं. भाजीत मीठ नव्हतं. हे मुद्दाम.

८ जुलै

सीडीची इमेज केली. अब्बासनं दिलेल्या छोट्या प्रोग्रॅमनं वीस मिनिटांत झाली, मीच केली. व्हीएमला लावली. 'एम्प्टी' गेलं, सीडीचं नाव दिसलं. सॉफ्टवेअर इन्स्टॉल झालं. एकही एरर नाही. खरं तर अब्बासची गरजच नव्हती.

सुरू केलं. पडद्यावर डबी आली: "कृपया ओरिजिनल डिस्क घाला." इंग्रजीत अर्थात.

परत लावली. परत तेच. इमेज काढून नव्यानं केली. तेच. तेरा वेळा विचारलं त्यानं. मी चौदाव्या वेळी लॅपटॉप मिटला.

ओरिजिनलच आहे ती. मी स्वतः टाचणीनं काढली. म्हणजे माझ्यासमोर काढली.

१० जुलै

अब्बास म्हणतो, काही सीड्यांना कंपनीनं कुलूप घातलेलं असतं. इमेजमध्ये सगळा माल येतो, कुलूप येत नाही. सॉफ्टवेअर कुलूप शोधतं, मिळत नाही, म्हणून रडतं. मग इमेज सोडा, खरी सीडी खऱ्या ड्राईव्हमध्ये घाला, ड्राईव्ह लॅपटॉपला जोडा आणि व्हीएमच्या सेटिंगमध्ये इमेजच्या जागी तो ड्राईव्ह निवडा. खाली 'पासथ्रू' अशी चौकट आहे, तिथं टिक करा. मग पोटातला कॉम्प्युटर थेट सीडीशी बोलतो, मधे कोणी नाय.

मी विचारलं, हे आधी का नाही सांगितलं? तो म्हणाला, पंचवीस तारखेला सांगितले होते ना दोन रस्ते. दोन बोटं दाखवून हसला.

मला हा माणूस आवडत नाही.

१३ जुलै, रविवार

तीन दिवस. टिक केली तर ड्राईव्ह दिसत नाही. ड्राईव्ह दिसला तर लॅपटॉपच सीडी उघडून बसतो आणि आतल्याला मिळत नाही. दोघांची ओढाओढी. एकदा व्हीएम चालू असताना मी ड्राईव्हची वायर काढली, तर सगळंच गोठलं. चारदा रीस्टार्ट. मधे आई विचारत होती, जेवतोस का? मी म्हटलं, आतल्याला डिस्क मिळू दे. ती म्हणाली, आतला कोण?

दुपारी चारला झालं. आधी व्हीएम बंद, मग ड्राईव्ह, मग सीडी, मग टिक, मग व्हीएम. डबी आली नाही. सॉफ्टवेअर उघडलं. पांढरा कोरा पडदा, बाजूला रंगांची पट्टी, अगदी पहिल्यासारखं.

हे सगळं मी एकट्यानं केलं. निशिगंधाशिवाय. सीडी आहे, ड्राईव्ह आहे, मशीन आहे, डिझायनर आहे. आईला सांगितलं. तिनं पडदा पाहिला आणि विचारलं, "मोर कुठाय?"

आता तो काढायचाच आहे. ते दहा मिनिटांचं काम.

१९ जुलै

मोर चालू आहे.

पूर्वी ही ग्राफच्या कागदावर काहीतरी खरडत बसायची, ट्रेसिंग काढायची, टाके मोजायची. मला ते टाइमपास वाटायचं. सॉफ्टवेअरला चित्र दिलं की ते टाके बनवतं, असं बटणच आहे. मी मोराचा फोटो दिला, बटण दाबलं. टाके बनले. मशीनवर लावले. खाली धाग्याचा गुंता झाला, सुई तुटली, कापडाला चुण्या. दुसऱ्यांदा मान आली, पिसारा आला नाही. तिसऱ्यांदा सगळं आलं, पण एकाच ठिकाणी आलं.

आई म्हणाली, कोंबडा बरा जमलाय.

ग्राहकांना हल्ली मॉडर्न डिझाईन आवडतं.

२४ जुलै

मोर फायनल केला. आता नाव. 'नवतरुण मित्र मंडळ'. टाइप केलं की झालं.

या सॉफ्टवेअरमध्ये मराठी नाहीच. इतकी वर्षं दुकानात आहे आणि मला आज कळतंय. मग तिनं एवढी मराठी नावं कशी केली? आईला विचारलं. ती म्हणाली, एकेक अक्षर हातानं काढायची, तुझ्या समोरच बसून. मी समोर होतो हे खरं, पण मी तेव्हा कामात असायचो.

मी एक शॉर्टकट शोधला. जुन्या विंडोजमध्ये एक मराठी फॉन्ट टाकला, नाव टाइप केलं, त्याचं चित्र सॉफ्टवेअरला दिलं. अर्ध्या तासात तयार. अक्षरं सुंदर. जे ती दोन दिवसांत करायची ते मी अर्ध्या तासात. हे तिला कोणीतरी सांगायला हवं. मी नाही सांगणार, पण कोणीतरी.

२६ जुलै ते २ ऑगस्ट

रोज नोंद करायला वेळ नाही. चाळीस शेले. मशीन सकाळी सातपासून. रोज सकाळी आधी व्हीएम बंद, मग ड्राईव्ह, मग सीडी, मग टिक, हे सगळं करतो. तसं डिझाईन पेनड्राईव्हवर गेलंय, त्यामुळे त्याची गरज नाही. पण चालू आहे हे पाहिलं की बरं वाटतं.

बाहेर पाऊस, आत मशीनचा आवाज. धागा तुटतो. जोडतो. आई माझ्याशी कामापुरतं बोलते. रोह्याशी मात्र रोज अर्धा तास. एकदा ऐकू आलं, "नाय गो, तो नाय बोलायचा. त्याच्या बापावर गेलाय." बाबांचा इथे काय संबंध?

निशिगंधाचा फोन नाही. एक्केचाळीस दिवस झाले. मी मोजत नाही, कॅलेंडर समोरच टांगलंय.

४ ऑगस्ट, सोमवार

मुदतीच्या एक दिवस आधी चाळीस शेले घेऊन दिनानाथकाकांच्या कारखान्यात गेलो. हे लक्षात घेतलं जावं. एक दिवस आधी.

मंडळाचे दोघे आलेलेच होते, मूर्ती बघायला. काकांनी चष्मा लावला, शेला उलगडला, हाताच्या अंतरावर धरला. काठावर बोट फिरवलं. मग म्हणाले, "रितेश, हे वाच."

मी वाचलं. नवतरुण मित्र मंडळ.

"नाय. लिवलंय ते वाच."

म वरची वेलांटी उडून त्र वर बसली होती. मत्रि मंडळ. जुन्या विंडोजनं तेवढं एक अक्षर मोडलं होतं. मंडळातला एकजण म्हणाला, आमचं मंत्रिमंडळ कधी झालं? दुसरा म्हणाला, आणि खातं कोंबड्यांचं. दोघं हसत बसले. मी म्हटलं, लांबून मित्रच वाटतं. काका म्हणाले, लांबून तर तो मोरपण मोर वाटतो.

चाळीसच्या चाळीस. एक तरी आधी दाखवायचास की रे, म्हणाले. ओरडले नाहीत. ओरडले असते तर मला उत्तर देता आलं असतं. हातातला शेला बाजूला ठेवला, पंचाला बोटं पुसली, खिशातून फोन काढला आणि माझ्यासमोर लावला. "सूनबाई, दिनानाथकाका बोलतोय पेणहून. अडचन झालीय."

ती काय म्हणाली ऐकू आलं नाही. काका म्हणाले, व्हय, इथंच उभा हाय. मग थोडं थांबून म्हणाले, नाय, तब्येत बरी दिसतेय.

म्हणजे तिनं विचारलं. याची वेगळी नोंद करतो.

६ ऑगस्ट

आई रोह्याला गेली. चार दिवसांसाठी म्हणाली, आणि पापडाचा डबा नेला. निघताना तिनं सगळंच सांगून टाकलं. निशिगंधा महिनाभर घरी बसलेली नाहीये. रोह्यात साबिरा नावाची एक बाई ड्रेसचं दुकान चालवते, तिच्याकडे एम्ब्रॉयडरी मशीन आहे पण डिझाईन करणारं कोणी नव्हतं. ही तिला डिझाईन करून देते. नव्या लॅपटॉपवर, नव्या सॉफ्टवेअरमध्ये. त्याला सीडीबिडी लागत नाही. मराठीही चालतं.

मी विचारलं, लावून कोणी दिलं तिला हे सगळं? आई म्हणाली, अब्बासनं. साबिरा त्याची सख्खी बहीण.

म्हणून तो हसत होता. इथे माझ्याशी पंधरा दिवस सीडी-सीडी खेळला आणि तिकडे.

आईला म्हटलं, तू तरी सांगायचंस. ती म्हणाली, "तू इचारलंस कधी? तू इचारत व्हतास ड्राईव दिसतो का."

८ ऑगस्ट

अक्षयचा मेसेज: "ताई रविवारी पेणला येतेय."

येणारच होती. काका, आई, सगळ्यांनी समजावलं असणार. मी ठरवलंय, लागेल असं बोलायचं नाही. मोठ्या मनानं घ्यायचं. दुकान झाडलं. ते चाळीस शेले माळ्यावर टाकले. व्हीएम चालू करून ठेवायची, म्हणजे आल्याआल्या दिसेल. तिला तिची खुर्ची द्यायची. माउस पण नवीन घेतला.

पहिलं वाक्य पाठ केलंय: झालं गेलं विसरून जाऊ. दोघांचंही चुकलं. (माझं काय चुकलं असं विचारलं तर उत्तर तयार ठेवावं लागेल. सध्या नाही.)

१० ऑगस्ट, रविवार

साडेदहाला आली. अक्षय, त्याचे तीन मित्र आणि टेम्पो.

पाठ केलेलं वाक्य मी टेम्पो पाहायच्या आधीच बोलून गेलो. तिनं चप्पल काढली. आत येऊन खुर्चीवर बसली. पडद्यावर माझा मोर होता. तो तिनं बराच वेळ पाहिला. माझी अपेक्षा होती की हसेल. हसली नाही. म्हणाली, "ड्राईव्ह दिसायला लागला? चांगलं झालं. मला पण पहिल्यांदा चार दिवस लागले होते हे सॉफ्टवेअर बसवायला. तुम्ही तेव्हा नागोठण्याला कंपनीत होतात."

मला वाटत होतं ते मी बसवलं होतं.

मग म्हणाली, काकांचे शेले करायचेत, गणपतीला सतरा दिवस राहिले, साबिराचं मशीन दिवसभर तिच्या कामाला लागतं, म्हणून हे नेतेय. मी म्हटलं, नेतेय म्हणजे? अक्षयनं खिशातून कागद काढला. मशीन तिच्या नावावर आहे, हे मी विसरलो होतो असं नाही. महिलांसाठी योजना होती, म्हणून फॉर्मवर तिचं नाव टाकलं. नुसती सही होती ती. मी म्हटलं, सही वेगळी आणि मालकी वेगळी. अक्षय म्हणाला, दाजी, कागदावर एकच आहे.

मी तिला म्हटलं, इथे बस, इथेच कर, सगळं चालू आहे आता. ती उठली. म्हणाली, "मी कायमची नव्हते गेले. दोन दिवसांत याल म्हणून आईनं तुमच्यासाठी वालाचं बिरडं करून ठेवलं होतं. तुम्ही नाय आलात. तुम्ही ग्रुपवर मला चोर म्हणालात."

मी म्हटलं, मी नाव घेतलं नव्हतं.

हे बोलायला नको होतं, असं बोलताबोलताच वाटलं. पण तोपर्यंत बोलून झालं होतं. तिनं मान हलवली, जशी एखाद्या गिऱ्हाईकाला हलवतो, आणि धाग्यांची खोकी बाहेर काढायला लागली.

मशीन जड आहे. चौघांना पेलेना. पाचवा कोपरा मी धरला. दारात तिरकं करा, असं मी दोनदा सांगितलं. ते बरोबर होतं, तसंच निघालं. ताडपत्री बांधली. ती अक्षयशेजारी पुढे बसली. मी विचारलं, आई कधी येणार? ती म्हणाली, "त्यांनाच विचारा."

संध्याकाळी व्हीएम बंद करायचं राहिलं. मग तसंच ठेवलं.

१४ ऑगस्ट

अब्बास ड्राईव्ह न्यायला आला. त्याला बरंच सुनवायचं ठरवलं होतं. सुनवलं. बहिणीसाठी माझा संसार मोडलास, असंही म्हटलं. तो ऐकून घेत होता. मग म्हणाला, भाभी चोवीस जूनलाच फोन करून बोलल्या होत्या मला, कॉम्प्युटर गेल्याचं तुमच्या आईनं त्यांना कळवलं होतं. म्हणाल्या, ते येतील, त्यांना नीट समजावून सांग, चिडले तरी सांग. तुमच्यासाठी ड्राईव्ह काढून ठेवलेला होता मी.

मी म्हटलं, मला आधी दाखवू दे. लावलं. आधी व्हीएम बंद, मग ड्राईव्ह, सीडी, टिक, व्हीएम. पहिल्या झटक्यात उघडलं. तो म्हणाला, एकदम बरोबर, आता माझ्यापेक्षा चांगलं जमतं तुम्हाला. मग वळून बघितलं. फरशीवर मशीनच्या चार पायांचे डाग आहेत.

मशीन कुठं गेली, विचारलं.

सर्व्हिसिंगला, म्हणालो.

त्यानं सीडी काढून माझ्या हातात दिली, ड्राईव्हची वायर गुंडाळली आणि गेला. या वेळी हसला नाही.

१९ ऑगस्ट, मंगळवार

दुपारी निशिगंधाचा फोन आला. अठ्ठावन्न दिवसांनी पहिला. मी तिसऱ्या रिंगला उचलला, लगेच नाही. म्हणाली, कापड ताणायची छोटी फ्रेम तिकडेच राहिलीय, खिडकीच्या दारामागे बघा. काठाचा मोर तिच्याशिवाय होत नाय. होती तिथेच.

मी म्हटलं, मी आणून देतो. संध्याकाळच्या मेमूनं येतो. आईलाही भेटेन.

मागे मशीन चालू होतं, आवाज ओळखीचा होता. म्हणाली, "नको. एसटीच्या पार्सलला टाका."

फ्रेम वर्तमानपत्रात गुंडाळली. वर प्लास्टिक, पावसाचं. स्टँडवर गेलो. पार्सलवाल्यानं पावती भरायला घेतली. घेणार कोण, म्हणाला. तिनं फोनवर सांगितलं होतं तसं सांगितलं: निशिगंधा एम्ब्रॉयडरी, रोहा.

पाठवणार?

रितेश, म्हटलं. पुढे काय लिहू, विचारलं त्यानं, दुकान, हुद्दा काही. मी पावतीकडे पाहिलं. म्हटलं, राहू दे. तसाही रकाना लहान होता.